भाडे कोणाच्या हातून येते? : इंग्लंडमधील घरमालक आणि साहाय्यावर जगणारा भाडेकरू

इंग्लंडमधील भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत अनेक दशके एक त्रोटक शेरा आढळत असे : 'नो डीएसएस'. डीएसएस म्हणजे डिपार्टमेंट ऑफ सोशल सिक्युरिटी, अर्थात सामाजिक सुरक्षा खाते. हे खाते १९८८ मध्ये आरोग्य खात्यापासून वेगळे झाले आणि २००१ मध्ये दुसऱ्या खात्यात विलीन होऊन संपले. खाते गेले, पण शेरा मात्र त्यानंतरही वीस वर्षे छापला जात राहिला. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांनी या घरासाठी चौकशी करू नये, एवढाच त्याचा अर्थ. एका मृत खात्याची आद्याक्षरे जिवंत माणसांच्या एका वर्गाचे नाव व्हावीत, ही भाषेच्या अभ्यासकाला थबकवणारी गोष्ट आहे.

अशा भाडेकरूंना घरमालक का नाकारतात, याची उत्तरे सर्वपरिचित आहेत. ते भाडे थकवतात, घराची नासधूस करतात, त्यांच्यामुळे शेजारी तक्रारी करतात, इत्यादी. ही सारी उत्तरे भाडेकरूच्या स्वभावाविषयीची आहेत. आम्हांला येथे उलट बाजूचा प्रश्न विचारायचा आहे : घरमालक अशा भाडेकरूला घर का देतात? कारण त्यांनी ते दिलेले आहे. इतकेच नव्हे, तर इंग्लंडच्या इतिहासात असे कालखंड आहेत की ज्यांत स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या मजुरापेक्षा साहाय्यावर जगणारा भाडेकरू घरमालकाला अधिक हवासा होता. माणसांचा स्वभाव दर पन्नास वर्षांनी पालटत नाही. पालटत गेली ती पैशाची वाट. भाडे कोणाच्या हातून येते, केव्हा येते आणि अखेरीस कोणाच्या खिशातून जाते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर घरमालकाचे मत ठरत आले आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१. पॅरिशचा भाडेकरू

१६०१ च्या एलिझाबेथकालीन कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे आखलेल्या गाववजा घटकावर, टाकली. पॅरिशमधील मालमत्ताधारकांकडून एक कर वसूल करावा आणि ओव्हरसीअर नावाच्या अधिकाऱ्यांनी तो गरजूंवर खर्च करावा, अशी योजना होती. या व्यवस्थेत भाड्याला आरंभापासून महत्त्व होते. १६६२ च्या वास्तव्यविषयक कायद्याप्रमाणे बाहेरून आलेला माणूस वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहत असेल, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येई. आज ना उद्या हा माणूस करावर भार होईल, हे गृहीत धरले जाई. माणसाची पत त्याच्या भाड्याच्या रकमेवरून जोखण्याची सवय एवढी जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस धान्य महागले. १७९५ मध्ये बर्कशायरमधील स्पीनहॅमलंड येथे न्यायाधिकाऱ्यांनी भाकरीच्या दराशी जोडलेले साहाय्याचे कोष्टक तयार केले आणि मजुरीला करातून पूरक रक्कम देण्याची रीत दक्षिण इंग्लंडच्या खेड्यांत रुजली. त्याच काळात आणखी एक रीत फोफावली, जिची चर्चा त्या मानाने कमी होते : पॅरिशने गरिबाचे घरभाडे परस्पर घरमालकाला देणे.

१८३२ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने या साऱ्याची पाहणी केली. आयोगाच्या साहाय्यकांनी सुमारे तीन हजार पॅरिशांना भेटी दिल्या. नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांचा ठसा असलेला १८३४ चा अहवाल हा इंग्रजी गद्याचाही एक लक्षणीय नमुना आहे. त्यात करातून भरल्या जाणाऱ्या भाड्याविषयी जे आढळते, ते आमच्या विषयाचे बीज आहे. झोपड्यांच्या मालकांनीच आयोगाला सांगितले की पॅरिशच्या आधारावरील भाडेकरू त्यांना स्वतंत्र मजुरापेक्षा परवडतो. मजुराचे काम हिवाळ्यात सुटते, तो आजारी पडतो, रातोरात गाव सोडतो. पॅरिश मात्र ना आजारी पडते, ना पळून जाते. परिणामी अशा झोपड्या बांधणे हा फायद्याचा धंदा ठरला आणि भाडी चढली. ज्या ओव्हरसीअरने भाडे मंजूर करायचे तोच काही ठिकाणी झोपड्यांचा मालक होता, अशाही तक्रारी नोंदल्या गेल्या.

हा अहवाल निःपक्षपाती नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. आयोगाला जुनी व्यवस्था मोडायची होती आणि पुरावे त्या बेताने निवडले गेले. मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये या अहवालातील अनुमानांची केलेली उलटतपासणी प्रसिद्ध आहे. तरीही घरमालकांच्या साक्षीतील व्यवहारज्ञान खोटे म्हणता येत नाही, कारण ते पुढील काळातही पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

त्याच काळातील एक दुसरे दृश्य याच्याशेजारी ठेवले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. ज्या पॅरिशमधील सारी जमीन एका बड्या जमीनदाराची असे, तेथे तो मजुरांसाठी नवी घरे बांधत नसे; उलट असलेली पाडून टाकी. अशा पॅरिशला 'बंद' म्हणत. मजूर शेजारच्या 'खुल्या' गावात राहत आणि रोज मैलोन्‌मैल चालत कामावर येत. खुल्या गावात घरे बांधणारे लोक म्हणजे दुकानदार, सुतार, गवंडी असे छोटे मालक. जमीनदार कठोर आणि दुकानदार दयाळू, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. बंद पॅरिशमध्ये भाडे घेणारा आणि कर भरणारा एकच होता; गरिबाला दिलेले भाडे त्याच्याच एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात पडले असते, आणि शिवाय त्या कुटुंबाच्या पोषणाचा भार त्याच्यावरच आला असता. खुल्या गावात भाडे दुकानदाराच्या पदरात पडे आणि कर आसपासचे शेतकरी भरत. पैसा दुसऱ्याचा असेल तर गरीब भाडेकरू हवा, आपला असेल तर नको, असे हे गणित होते. १८६५ च्या कायद्याने गरिबांचा खर्च एकेका पॅरिशऐवजी अनेक पॅरिशांच्या संघावर टाकला, तेव्हा घरे पाडण्यामागचे हे कारण उरले नाही.

२. सार्टोरियसचा जिना

१८३४ च्या कायद्यानंतर साहाय्याच्या पैशातून परस्पर भाडे भरण्यास नव्या आयुक्तांच्या आदेशांनी मनाई झाली आणि वर्कहाउसचे दार दाखवणे हे धोरण ठरले. गरीब भाडेकरूच्या पाठीशी उभा असलेला खात्रीचा देणेकरी गेला. शहरांत भाडे आठवड्याला रोख वसूल होऊ लागले आणि वसुली करणारा माणूस हा वस्तीतील सर्वपरिचित, सर्वांना नकोसा असा इसम झाला.

त्याचे वाङ्‌मयीन चित्र आपल्याला बर्नार्ड शॉच्या पहिल्या नाटकात भेटते. 'विडोअर्स हाउसेस' १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल्टी नाट्यगृहात रंगभूमीवर आले. शॉ शिकवताना आपण बहुधा 'पिग्मॅलियन' किंवा 'आर्म्स अँड द मॅन' यांकडे वळतो, त्यामुळे हे नाटक मागे पडते. सार्टोरियस हा झोपडपट्टीचा प्रतिष्ठित मालक. त्याचा वसुलीदार लिकचीझ तुटक्या जिन्याच्या दुरुस्तीवर थोडे पैसे खर्च करतो आणि त्याबद्दल नोकरी गमावतो. सार्टोरियसचा युक्तिवाद ठाम आहे : या लोकांना चांगले घर देण्यात अर्थ नाही, जिन्याचे कठडे दिले तर ते सरपण म्हणून जाळतात. भाडेकरूच्या स्वभावाचा सिद्धान्त येथे पूर्ण वैभवात उभा आहे.

शॉ त्या सिद्धान्ताला उत्तर देत नाही. तो पैशाच्या वाटेचा माग काढतो. सार्टोरियसच्या मुलीशी लग्न ठरलेला डॉक्टर ट्रेंच हा पैसा कोठून येतो हे कळल्यावर तत्त्वासाठी तो नाकारतो. तेव्हा त्याला सांगितले जाते की त्याचे स्वतःचे वर्षाला सातशे पौंडांचे उत्पन्न हे याच मालमत्तेवरील गहाणाचे व्याज आहे. वसुलीदारामागे मालक, मालकामागे गहाणदार, आणि गहाणदार आपण सज्जन असल्याच्या समजुतीत. ही साखळी पुढे पुन्हा भेटणार आहे.

३. गोठवलेले भाडे

१९१५ मध्ये ग्लासगोतील स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली वाढीव भाडे देण्यास नकार दिला. युद्धसाहित्याचे कारखाने तेथे असल्याने सरकारला नमते घ्यावे लागले आणि वर्षअखेरीस कायदा करून भाडी युद्धारंभीच्या पातळीवर गोठवण्यात आली. येथे मुंबईचा प्रत्यक्ष संबंध येतो. याच धर्तीचा युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा मुंबईत १९१८ मध्ये आला, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार धरला. मात्र पुढे दोन्हींकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईत भाडेकरूला भत्ता देण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. भाडे स्वस्त ठेवण्याचा भार घरमालकाने आणि त्याच्या मोडकळीस येणाऱ्या इमारतीने वाहिला. मालकाने आपली भरपाई पागडीत शोधली, आणि ज्याच्याजवळ पागडी नाही त्याला चाळीतली खोलीही दुर्मीळ झाली.

इंग्लंडमध्ये नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली आणि खाजगी भाड्याची घरे आटत गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दर चार कुटुंबांपैकी सुमारे तीन खाजगी मालकाच्या घरात भाड्याने राहत; १९८० च्या दशकाच्या अखेरीस दहांतले एकही राहत नव्हते.

बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालात भाड्याच्या प्रश्नासाठी स्वतंत्र विवेचन आहे. अन्नवस्त्राचा खर्च देशभर साधारण सारखा धरता येतो. भाडे मात्र गल्लीगणिक बदलते. मग सर्वांना सारख्या भत्त्यात ते कसे बसवायचे? बेव्हरिज यांनी अखेर आठवड्याला दहा शिलिंग अशी सरासरी धरली. अडचण सुटली नाही. १९४८ मध्ये जुना दारिद्र्यकायदा रद्द होऊन राष्ट्रीय साहाय्य मंडळ आले, आणि त्याला प्रत्येकाचे प्रत्यक्ष भाडे पाहूनच साहाय्य ठरवावे लागले. १९७२ च्या कायद्याने खाजगी भाडेकरूंसाठी भाडेभत्ता देशभर लागू केला आणि १९८२-८३ मध्ये या साऱ्याचे एकत्रीकरण होऊन 'हाउसिंग बेनिफिट', म्हणजे गृहभत्ता, जन्माला आला.

४. पॅरिशचे पुनरागमन

१५ जानेवारी १९८९ पासून नव्या भाडेकरारांवरील नियंत्रण उठले. भाडी वाढणार हे उघड होते आणि ते सरकारला मान्यही होते. ज्यांना बाजारभाव झेपणार नाही त्यांचा ताण गृहभत्ता सोसेल, असे गृहनिर्माणमंत्री जॉर्ज यंग यांनी १९९१ मध्ये संसदेत सांगितले. ताण सोसणारा खिसा पुन्हा एकदा करदात्यांचा होता, आणि भाडेकरूने संमती दिली तर नगरपालिका भाडे थेट घरमालकाकडे पाठवत असे. १८३० च्या ओव्हरसीअरला हा व्यवहार ओळखीचा वाटला असता.

म्हणून या काळात असा एक घरमालकवर्ग तयार झाला की जो भत्त्यावरील भाडेकरूंनाच प्राधान्य देई. त्याची कारणे साधी होती. मंदीत पगारदाराची नोकरी जाते, भत्ता सहसा जात नाही. अशा भाडेकरूला दुसरे घर मिळणे कठीण, म्हणून तो वर्षानुवर्षे राहतो. घर रिकामे पडत नाही, दलालाला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. उत्तरेकडील ज्या गावांत कारखाने बंद पडून घरांच्या किमती कोसळल्या होत्या, तेथे घर स्वस्तात घेता येई आणि भत्त्याची रक्कम त्या किमतीच्या मानाने चांगला परतावा देई. मार्गेट, ब्लॅकपूल, हेस्टिंग्ज यांसारख्या समुद्रकाठच्या गावांची कथा अशीच. इंग्रज पर्यटक विमानाने स्पेनला जाऊ लागल्यावर तेथील अतिथिगृहे ओस पडली. त्यांच्या खोल्या पाडून त्या भत्त्यावरील एकट्यादुकट्यांना दिल्या गेल्या. ज्या खोलीला सुट्टीत येणारे गिऱ्हाईक उरले नव्हते तिला बारमाही भाडे मिळू लागले.

हे चित्र पालटले ते भाडेकरू बिघडले म्हणून नव्हे. एप्रिल २००८ पासून खाजगी भाडेकरूंसाठी नवी पद्धत देशभर लागू झाली : भत्ता प्रदेशातील भाड्यांच्या मध्यावरून ठरवायचा आणि भाडेकरूच्याच हाती द्यायचा. हेतू वाईट नव्हता. गरिबानेही पगारदाराप्रमाणे स्वतः भाडे भरावे, घासाघीस करावी, स्वतःचा हिशेब स्वतः ठेवावा, अशी अपेक्षा होती. आठ आठवड्यांचे भाडे थकले तरच सामान्यतः रक्कम थेट मालकाकडे वळे. मालकाच्या दृष्टीने खात्रीचा देणेकरी पुन्हा एकदा अदृश्य झाला.

त्यानंतर रक्कमही आटली. २०११ पासून भत्त्याची मर्यादा प्रदेशातील भाड्यांच्या मध्यावरून तळच्या तीस टक्क्यांवर आणण्यात आली. म्हणजे दहा घरांपैकी स्वस्तातली तीनच भत्त्याच्या आवाक्यात उरली. २०१६ ते २०२० दर गोठलेले राहिले, भाडी मात्र वाढत राहिली. २०२० मध्ये दर पुन्हा तीस टक्क्यांच्या पातळीवर आणून गोठवले गेले, २०२४ मध्ये तसेच एकदा उचलले गेले आणि नंतर पुन्हा गोठले. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'ने अनेक भत्ते एका मासिक रकमेत गुंफले. ही रक्कम महिना संपल्यावर मिळते आणि पहिल्या हप्त्यासाठी साधारण पाच आठवडे थांबावे लागते. घरमालक भाडे मागतो महिन्याच्या आरंभी. दोन कालगणनांमधील या फटीत थकबाकी जन्म घेते आणि तिची नोंद मात्र भाडेकरूच्या चारित्र्याच्या खाती होते.

शॉची साखळीही येथे पुन्हा दिसते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्यांना खास गृहकर्जे मिळू लागली. त्यांतील काही करारांत भत्त्यावरील भाडेकरू ठेवू नये अशी अट असे. सार्वजनिक टीका झाल्यावर २०१९ च्या सुमारास अनेक बँकांनी ती काढून टाकली. तोवर नकार देणारा मालक कित्येकदा स्वतःच्या गहाणदाराचेच वाक्य उच्चारत होता.

५. कायदा आणि इच्छा

जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या काउंटी न्यायालयाने 'नो डीएसएस' हा सरसकट नकार बेकायदेशीर ठरवला. युक्तिवाद अभ्यसनीय आहे. २०१० च्या समता कायद्यात उत्पन्न हा भेदभावाचा निषिद्ध आधार नाही. वंश आहे, लिंग आहे, अपंगत्व आहे. परंतु भत्त्यावर अवलंबून असणाऱ्यांत स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांचे प्रमाण अधिक, म्हणून हा नकार अप्रत्यक्षपणे त्यांच्याविरुद्धचा भेदभाव ठरतो. गरिबीला स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहता आले नाही. तिला दुसऱ्या नावाने आत यावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने मात्र इंग्लंडपुरती ही उणीव भरून काढली : भत्ता घेतो किंवा मुले आहेत म्हणून घर नाकारणे थेट निषिद्ध झाले, आणि एक महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यासही बंदी आली. खाजगी भाडेकरारांतील मुख्य बदलांसाठी १ मे २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

हा कायदा स्वागतार्ह आहे, यात आम्हांला शंका नाही. पण दोन शतकांचा हिशेब पाहिल्यावर त्याची मर्यादाही दिसते. भाडे झेपेल की नाही हे तपासण्याचा मालकाचा अधिकार कायम आहे. भत्ता आणि भाडे यांतील अंतर तसेच राहिले, तर 'नो डीएसएस' न लिहिताही तोच नकार देता येईल, आणि तोही सभ्य भाषेत.

तर मग भाडे थेट मालकाला द्यावे, एवढाच धडा घ्यायचा का? तेवढे पुरेसे असते, तर १८३४ पूर्वीच्या झोपड्या उत्तम असायला हव्या होत्या. पैसे देणारा एक आणि राहणारा दुसरा, अशी फारकत झाली की मालकाचे खरे गिऱ्हाईक पैसे देणारा होतो. राहणाऱ्याच्या हातून 'आधी छप्पर दुरुस्त करा, मग भाडे घ्या' असे म्हणण्याचा उरलासुरला जोरही जातो. खात्रीच्या पैशाने घर मिळते. घराची खात्री मिळत नाही. उलट सन्मानासाठी पैसा भाडेकरूच्या हाती दिला, पण तो अपुरा आणि उशिरा दिला, तर सन्मान राहतो कागदावर आणि दार बंद होते. पॅरिशने पहिली चूक केली, २००८ नंतरच्या सुधारकांनी दुसरी. पुरेशी रक्कम, वेळेवर, ती कोणाच्या हाती जावी हे ठरवण्याचा भाडेकरूचा अधिकार, आणि घराच्या स्थितीची भाडेकरूवर न सोडलेली तपासणी, या चारही गोष्टी एकत्र क्वचितच आल्या. स्कॉटलंडने २०१७ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमधील भाड्याचा भाग थेट मालकाकडे जावा की नाही हे निवडण्याची मुभा भाडेकरूला दिली, हे त्या दिशेचे एक लहानसे पाऊल.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपण कथाकादंबऱ्यांतून आणि नाटकांतून घरमालक वाचतो ते बहुधा स्वभावचित्र म्हणून : कंजूष, निर्दय, क्वचित कनवाळू. भाडेकरूही तसाच : प्रामाणिक किंवा बुडवा. ही चित्रे खोटी नसतात, पण अपुरी असतात. सार्टोरियसने जळालेल्या कठड्यांकडे बोट दाखवले तेव्हा शॉने गहाणखत पुढे केले. 'हा माणूस घर देण्याच्या लायकीचा नाही' असे वाक्य कोणत्याही संहितेत, कोणत्याही भाषेत आढळले, तर ते बोलणाऱ्याचे व्याज कोठे भरले जाते आणि ऐकणाऱ्याचे पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला येतात, हे दोन प्रश्न वाचकाने विचारून पाहावेत.